पाच अंबरनाथ

एक अंबरनाथ, दोन अंबरनाथ, तीन अंबरनाथ, चार अंबरनाथ, पाच अंबरनाथ.

घाई न करता, तोंडातल्या तोंडात म्हणून बघा. घड्याळात पाच सेकंद होतात. जवळजवळ पन्नास वर्षं मी हे म्हणते आहे. सुनेला वाटतं माझा जप चालू आहे, नातीला वाटतं आजीचं वय झालं. दोघींनाही मी तसंच वाटू देते. जपाच्या नावाखाली म्हातारपणी पुष्कळ खपतं.

हा मंत्र मला ज्यांनी दिला ते मंत्रबिंत्र मानणारे नव्हते. आमच्या रस्त्यांच्या खात्यात ते मिस्त्री होते. सातवी शिकलेले. मैलकुली म्हणून लागले, म्हणजे एक मैल रस्ता वाटणीला आणि त्यावरचे खड्डे बुजवायचे. तिथून मुकादम, आणि मुकादमाचे मिस्त्री. अंबरनाथला बुवापाड्यात चाळीत राहायचे. घरात बुद्धाची तसबीर, तिच्याखाली टेबलघड्याळ. मनगटी घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. "घड्याळाकडं बघितलं की रस्त्याकडं बघायचं राहतं," म्हणायचे. म्हणून हे अंबरनाथ.

कचेरीत एकानं एकदा चिडवलंच, "काय मिस्त्री, तुम्ही वंदना म्हणणारी माणसं, आणि दिवसभर तोंडात महादेव?"

"महादेव कुठला? मी स्टेशनाचं नाव घेतोय," ते म्हणाले. "बदलापूरही घेऊन बगितलं. लवकर संपतं."

तर हे पाच अंबरनाथ कशासाठी? रस्त्यावरून एक गाडी गेली, की तिच्या मागची गाडी त्याच खुणेपाशी येईपर्यंत मोजायचं. पाचाच्या आत आली तर ती अडकलेली. तिला पुढं जायचंय, पण पुढचं धूड जाऊ देत नाही. पाचानंतर आली तर ती मोकळी, आपल्या मर्जीनं चाललेली. मिस्त्रींच्या लेखी जगात एवढ्या दोनच जाती होत्या, अडकलेले आणि मोकळे.

आता ही विद्या घ्यायला आलेली शिष्या कशी होती तेही सांगते. बी.एस्सी., विषय संख्याशास्त्र. पास सेकंड क्लासमध्ये, तोरा मात्र सुवर्णपदकाचा. बेलवलीत सासर, अडीच वर्षांची लेक, आणि हातात सहा महिन्यांची हंगामी नेमणूक. कामाचं नाव 'वाहन गणना'. मला वाटलं, टेबल असेल, पंखा असेल, मिस्त्री आकडे आणून देतील आणि मी त्यांचं काहीतरी थोर करीन. पहिल्या दिवशी कडक खळीची साडी, उल्हासनगर कॅम्प तीनमधून घेतलेला काळा गॉगल आणि झालरीची छत्री अशा थाटात मी जीपमधून उतरले, ती बदलापूरच्या पुढं डोंगराकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. पंखा नव्हता. टेबल म्हणजे एक दगड. त्यावर मिस्त्रींची जीनच्या तुकड्यांची पिशवी. कॅम्प तीनमधल्या एका शिंपीकाम करणाऱ्या सिंधी दुकानदारानं उरलेल्या कापडातून ती फुकट शिवून दिली होती. त्याच्या दुकानासमोर हातगाड्या अडकून रोज भांडणं व्हायची. मिस्त्रींनी तास-दोन तास उभं राहून मोजलं आणि सांगितलं, "शेठ, गाडीवाले नाय अडवत. तुमचा हा कपडे घातलेला पुतळा अडवतोय. एक हात मागं घ्या." पुतळा मागं गेला, भांडणं थांबली. "साईं, आप तो इंजिनियर निकले," म्हणत शेठनं पिशवी दिली. खात्यानं त्यांना इंजिनियर कधीच म्हटलं नाही.

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "बाई, चष्मा काढा. काळ्या काचेतून गाडीचं नाक दिसत नाय."

"गाडीला नाक?"

"ब्रेक मारला की गाडी नाक खाली करती. आपल्याला तेच मोजायचंय."

मी गॉगल काढला, पण मनात म्हटलं, 'सातवी पास!' त्या काळी मी त्यांना "अहो मिस्त्री" अशी हाक मारायची. काका म्हणायला जीभ वळत नव्हती.

तिथल्या चढावर खात्यानं एक प्रयोग केला होता. रस्ता एरवी जायला एक पट्टा, यायला एक. पण चढावर भरलेला ट्रक बैलाच्या चालीनं चढायचा आणि त्याच्या मागं सगळे खोळंबायचे. मग एखादा धीर सुटलेला स्कूटरवाला उजवीकडून काढायचा आणि समोरून येणाऱ्याच्या अंगावर जायचा. म्हणून चढाच्या बाजूला आणखी एक पट्टा घातला. सावकाश जाणाऱ्यानं डावीकडं राहावं, घाईच्या माणसानं मधल्या पट्ट्यातून पुढं निघावं. साहेब लोक त्याला ओव्हरटेकची लेन म्हणायचे. मिस्त्री म्हणायचे 'सुटका'. चढ संपला की सुटका संपायची आणि दोन पट्ट्यांचा पुन्हा एक व्हायचा. गोम तिथंच होती. पट्टा संपायचा तो नेमका एका अरुंद मोरीच्या तोंडाशी. डाव्या हाताला मोरीचा दगडी कठडा, कठड्याखाली ओढा. मोरी रुंद करून पट्टा तीनशे पावलं पुढं न्यावा, असं मिस्त्रींचं म्हणणं. साहेब म्हणाले, "मोरी तोडायची तर तसं कारण दाखवा. आकडे आणा."

ते आकडे आणायला आम्ही बसलो होतो.

मिस्त्रींची भाषा लग्नघरची. संथ ट्रक म्हणजे नवरदेव, मागं अडकलेले वऱ्हाडी, आणि सगळं मिळून वरात. आम्ही बसायचो त्या टेकाडावरून चढाचा पायथाही दिसायचा आणि वरची मोरीही. पायथ्याशी वरात केवढी, वर पोचल्यावर किती उरली, हे लिहायचं. खाली सात वऱ्हाडी आणि वर दोन, म्हणजे पट्टा कामाला आला. खाली सात, वर सहा, म्हणजे नुसतं डांबर वाया.

"पुढं किती गेले ते सगळेच मोजतात," ते म्हणायचे. "मागं किती राहिले ते मोजा."

आणि कागदावर दोन खास रकाने होते. एक 'मोरीपाशी नाक खाली'. दुसऱ्याला साहेबांच्या कागदात भारदस्त नाव होतं, आम्ही त्याला 'गाढव' म्हणायचो. गाढव म्हणजे असा ट्रकवाला, जो सावकाश चालणाऱ्या ट्रकाला त्याहून केसभर कमी सावकाश ओलांडायला मधल्या पट्ट्यात शिरतो. दोन धुडं शेजारी-शेजारी, सगळा चढ अडलेला, आणि पट्टा संपेपर्यंत कोणीच पुढं जात नाही.

"दोघं तोंडाला तोंड लावून बिड्या पेटवतात का काय?" मी विचारलं.

"पेटवतात. मी बगितलंय," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले आणि गाढवाच्या रकान्यात एक रेघ ओढली.

रस्त्याच्या कडेला जांभळं विकणारी एक ठाकरीण म्हातारी बसायची. पूर्वी ती बरोबर पट्ट्यावर बसायची. गिऱ्हाईक तिथंच गाडी लावायचं आणि नवा कोरा पट्टा जांभळांच्या हंगामात वाहनतळ व्हायचा. मिस्त्रींनी तिला हाकललं नाही. तीन दिवस तिच्या गिऱ्हाइकांचीच मोजणी केली आणि चौथ्या दिवशी तिला मोरीच्या पलीकडं, मोठ्या झाडाखाली बसवून दाखवलं. "इथं माणूस चढ चढून येतो, जरा हुश्श करतो, आणि मग थांबतो. तुजी टोपली लवकर संपंल." संपू लागली. तेव्हापासून म्हातारी त्यांच्यासाठी रोज पळसाच्या पानावर मूठभर जांभळं ठेवायची. मला मात्र नुसते टोमणे. "काय गो बाय, ती छत्री उनासाठी हाय का लगीनासाठी?"

ही मोजायची खोड त्यांच्या घरीदारी सगळीकडं होती. त्यांच्या चाळीच्या गॅलरीत दोन्ही बाजूंनी पाण्याची पिंपं. नळ आला की हंडे घेतलेल्या बायका समोरासमोर अडकायच्या आणि एकमेकींच्या सात पिढ्या बाहेर काढायच्या. मिस्त्रींनी सगळ्यांना गोळा करून मधल्या दोन खोल्यांसमोरची पिंपं हलवली. तेवढ्याच जागेत दोघी बाजू-बाजूनं जाऊ शकायच्या. त्यांच्या बायकोनं मला सांगितलं, "आधी सगळ्या हसल्या. आता कोणी तिथं साधी बादली ठेवली तर बाकीच्या ओरडतात, सुटकेत सामान ठेवू नका!"

ते स्वतः मात्र आयुष्यात कुणाला ओलांडून गेले नसावेत. बाजारात चालताना मागं पावलं वाजली की अंग चोरून बाजूला व्हायचे. "जा बाबा." जेवणाच्या पंगतीत, रेशनच्या रांगेत, कचेरीत बढतीच्या वेळीसुद्धा. मला तो बावळटपणा वाटायचा. मी म्हणे हुशार.

आता त्या हुशारीची गोष्ट.

अंबरनाथच्या कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळं गुरुवारी दुपारी माल बाहेर पडायचा. रस्त्यावरची सर्वांत वाईट दुपार ती. साहेबांना नेमकी तीच दुपार हवी होती. गुरुवार दुपार, बारा ते तीन, दर पंधरा मिनिटांचा एक खाना. सोमवारी कागद साहेबांच्या टेबलावर. त्यावरून ठरणार, मोरी रुंद होणार की पट्टा आहे तसाच राहणार.

आणि त्या गुरुवारी मिस्त्रींना कसल्याशा मापवह्या घेऊन मोठ्या कचेरीत बोलावणं आलं. जाताना ते म्हणाले, "बाई, आज तुमच्यावर. जमंल?"

"अहो मिस्त्री, चार दिवस बघतेय मी. त्यात काय आहे?"

पहिला खाना मी इमानानं भरला. मग ऊन असं तापलं की दगडावर बसवेना. मी झाडाखाली गेले. म्हातारीनं पाणी दिलं. पदर ओला करून डोक्यावर घेतला, जरा टेकले. डोळे उघडले तेव्हा पावणेतीन वाजून गेले होते आणि म्हातारी माझ्याकडं बघत होती.

"मोजलंस का गो? का सपनात मोजलंस?"

आता दुसरं कोणी असतं तर घाबरलं असतं. पण मी संख्याशास्त्र शिकलेली! मी मागच्या चार दिवसांचे कागद पुढ्यात घेतले आणि प्रत्येक खान्याची सरासरी काढली. वाटलं, एका दिवसाच्या मोजणीपेक्षा चार दिवसांची सरासरी जास्तच खरी, उलट मी खात्यावर उपकारच करतेय. ट्रक, बस, स्कूटर, वरात, सगळं झकास बसलं. अडचण आली गाढवांपाशी. पंधरा मिनिटांच्या खान्यात सरासरी यायची पाव गाढव. कुठं तेवढंही नाही. सरकारी कागदावर पाव गाढव कसं लिहायचं? अर्ध्याहून कमी असेल तर सोडून द्यायचं, हा पुस्तकातला नियम. मी शून्य लिहिलं. पुढच्या खान्यात पुन्हा पाव, पुन्हा शून्य. मोरीपाशी नाक खाली, त्याचंही तसंच. पाव, शून्य. पाव, शून्य. खालपर्यंत शून्यांची सुंदर माळ. मोत्यासारखं अक्षर होतं माझं.

म्हणजे चार पावांचं एक गाढव होतं, एवढंही त्या सुवर्णपदकाला सुचलं नाही.

शुक्रवारी मिस्त्रींनी कागद घेतला. खाली-वर नजर फिरवली. मग माझ्याकडं बघत म्हणाले, "बाई, काय सांगायचं राहिलंय का?"

"नाही. काय राहणार?"

ते उभेच राहिले. त्यांचे ओठ हलकेच हलत होते. मला वाटलं दातात काहीतरी अडकलंय. जरा वेळानं त्यांनी कागदाची घडी केली, जीनच्या पिशवीत घातली आणि निघून गेले.

रविवारी आम्ही माझ्या माहेरी निघालो. माझं माहेर त्याच रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याच्या गावात. ह्यांची स्कूटर सहा महिन्यांचीच होती. लेक पुढं उभी, हँडल धरून, मी मागं, मांडीवर आंब्यांची पिशवी. चढाला लागलो तसा मला चेव आला. ह्यांच्या खांद्यावरून ओरडून मी सांगायला लागले, हा बघा आमचा पट्टा, आता बघा कसे मोकळे जाऊ आपण. हे शहाण्यासारखे डावीकडून चालले होते. उजवीकडून एक ट्रक आला आणि आमच्या बरोबरीनं चालू लागला. पुढंही जाईना, मागंही राहीना. तो स्वतः आमच्या पुढच्या ट्रकाला ओलांडू बघत होता.

अस्सल, पूर्ण, सोळा आणे गाढव.

आणि पट्टा संपला. पुढचा ट्रक मोरीवर गेला, शेजारचा ट्रक त्याच्या मागं जाण्यासाठी डावीकडं सरकू लागला. डावीकडं आम्ही. माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर त्याचं चाक. ह्यांनी ब्रेक दाबला, स्कूटर लटपटली, हे पाय टेकवायला गेले तर खाली रस्ता नव्हता, कठडा होता. त्या कठड्यावर डावा पाय रोवून त्यांनी स्कूटर थांबवली. ट्रक गेला. लेकीनं टाळ्या वाजवल्या, तिला वाटलं खेळ आहे. आंबे ओढ्यात गेले.

मी रडले नाही. मी शिव्या दिल्या. पाच दिवस रस्त्याच्या कडेला बसून ट्रकवाल्यांच्या तोंडून जे जे ऐकलं होतं, ते सगळं बाहेर आलं. आधी ट्रकवाल्याला, मग मोरीला. हे ट्रकापेक्षा मला घाबरले.

"अगं, हे कुठं शिकलीस तू?"

"खात्यात!" मी म्हटलं. आणि तेवढ्यात मला माझी ती शून्यांची माळ आठवली. मोरीपाशी नाक खाली, शून्य. गाढव, शून्य. ज्या मोरीपाशी काहीही होत नाही असं मी मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं होतं, तिथंच लेकीला कवटाळून मी उभी होते. कागद उद्या साहेबांकडं जाणार. मोरी आहे तशी राहणार. आज ह्यांचा पाय पुरला. पुढच्या स्कूटरवाल्याचा पाय पुरला नाही तर ते माझं पाप.

माहेरी घास उतरला नाही. आई म्हणाली, "ऊन बाधलं." मी म्हटलं, "हो, गुरुवारी."

सोमवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी मी बुवापाडा गाठला. नळ आला होता. हंड्यांची ये-जा चालू होती आणि गॅलरीत मधोमध, सुटकेपाशी, मिस्त्री बनियनवर उभे राहून दाढी करत होते. मी धापा टाकत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काका," मी म्हटलं. पहिल्यांदाच. "टपाल गेलं का हो?"

"कसलं?"

"गुरुवारचा कागद. काका, तो पाठवू नका. मी मोजलंच नाही. झोपले. मग सरासरी काढली. नोकरी गेली तरी चालेल, पण तो कागद—"

मागून एक बाई ओरडली, "ओ ताई, रडायचंय तर बाजूला होऊन रडा, सुटकेत नको!"

मी बाजूला झाले. मिस्त्रींनी वस्तरा पुसला, शांतपणे. मग म्हणाले, "तो कागद मी शुक्रवारीच बाजूला काढला, बाई."

"तुम्हाला म्हातारीनं सांगितलं?"

"ती कशाला सांगंल? कागदानं सांगितलं. गुरुवारची दुपार, तीन तास, आणि एकपण गाढव नाय? आपल्या देशात?" आणि ते हसायला लागले. गालावर अर्धा साबण, तसेच हसले. "रस्ता येवढा शहाणा नसतो, बाई. येवढं शहाणं फक्त कागदावर असतं."

मी तिथं पिंपावरच बसले. असं हलकं मला नंतर दोनदाच वाटलंय, दोन्ही वेळा बाळंतपणानंतर.

"मग शुक्रवारीच का नाही बोललात?"

"विचारलं की. आणि पाच अंबरनाथ थांबलो." म्हणजे ते दातात अडकलेलं नव्हतं. "पाचात तुम्ही आला नाय. म्हटलं, मोकळ्या दिसतात, आपल्या मर्जीनं येतील. आज आलात. उशीर झाला, पण आलात."

साहेबांना त्यांनी काय सांगितलं ते मला फार नंतर कळलं. 'गुरुवारची मोजणी झाली नाही, चूक माझी,' असं लिहून दिलं आणि साहेबांचं बोलणं खाऊन घेतलं. एक आठवडा मागून घेतला. येत्या गुरुवारी बारा ते तीन मला उन्हात बसायचं होतं. मी बसले. छत्री घरी ठेवून. बारा गाढवं आली त्या दुपारी, एकेका रेघेला मी मनातून नमस्कार केला. नाकं तर विचारूच नका. म्हातारीनं मला पळसाच्या पानावर जांभळं दिली, तेव्हा मी पास झाले असं मानते.

पण त्याआधी, सोमवारी, कचेरीत त्यांनी पिशवीतून आणखी दोन कागद काढून माझ्यापुढं ठेवले. शनिवारचा आणि रविवारचा. माझा कागद खोटा निघाला म्हणून सुट्टीच्या दोन्ही दिवशी ते एकटे जाऊन टेकाडावर बसले होते. म्हणाले, "ह्याची पक्की नक्कल करा. तुमचं अक्षर चांगलं हाय."

मी उतरवायला लागले. त्यांचं अक्षर म्हणजे खडी पसरल्यासारखं, पण एकेक रेघ सरळ. शनिवार झाला. रविवार सकाळ झाली. दहाचा खाना, सव्वादहाचा खाना. साडेदहाच्या खान्यात 'मोरीपाशी नाक खाली' या रकान्यात एक रेघ होती, जरा वाकडी, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'स्कूटर एक. माणसं अडीच. मोरीला पाय लागला. वाचले.'

त्याखालचे दोन खाने कोरे होते.

त्या माणसाच्या कागदावर कोरा खाना मी आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. ज्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ वारला, त्या दिवशीही निरोप येईपर्यंतचे सगळे खाने भरलेले होते.

मी कागद घेऊन त्यांच्याकडं गेले. "काका, हे दोन खाने... इथं काय लिहू?"

त्यांनी बघितलं.

"हाक मारायला उठलो होतो," मग म्हणाले. "पाय उचलंनात. तुम्ही तिथं उभ्या राहून शिव्या द्यायला लागलात, तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हटलं, बाई धडधाकट हायेत. पण मग हात चालंना. तेवढा अर्धा तास किती गाड्या गेल्या, मला नाय माहीत." आणि कागद माझ्याकडं सरकवत, "कोराच ठेवा. सरासरी काढू नका."

मी कोरा ठेवला. साहेबांनीही त्या खान्यांबद्दल विचारलं नाही. वरची ओळ वाचून त्यांनी मोरीची फाईल मागवली म्हणे.

मोरी रुंद झाली, लगेच नाही, सरकारी चालीनं, पुढच्या वर्षी. पट्टा तीनशे पावलं पुढं गेला आणि म्हातारीही टोपलीसकट तेवढीच पुढं सरकली. आम्ही पुन्हा मोजायला बसलो. खाली नऊ वऱ्हाडी, वर दोन. मोरीपाशी नाकं फार थोडी. आणि मिस्त्री तेवढ्यावर थांबणारे नव्हते, मला आणखी दोन मैल पुढं नेऊन बसवलं. तिथं पुन्हा वरात जमू लागली होती.

"हे बगा," ते म्हणाले, जणू मला वाईट वाटू नये म्हणून, "सुटका कायमची नसती. दोन-तीन मैल टिकती. दिवाळीच्या सुट्टीसारखी. पण तेवढ्यात माणसाचा हॉर्नवरचा हात निघतो. पुष्कळ झालं."

मी त्याच खात्यात कायम झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. काका माझ्या खूप आधी निवृत्त झाले आणि पुढं गेलेही. सगळ्यांना बाजूला होऊन जाऊ देणारा माणूस, तेवढ्यात मात्र पुढं निघून गेला.

परवा नातीनं मला तिच्या गाडीतून त्याच रस्त्यानं नेलं. रस्ता आता ओळखू येत नाही. पण ती मोरी मी ओळखली, रुंद केलेला भाग जुन्या दगडांशेजारी वेगळा दिसतो. पुढं एक सिमेंटचा ट्रक, त्याच्या मागं सहा गाड्या, सातवी आमची. नात हॉर्नवर हात ठेवून बसलेली. चढाला लागलो, ट्रक डावीकडं झाला, सगळे निघाले. मोरी आली आणि मागं गेली. माझा हात आपोआप डाव्या दाराकडं गेला, तिथं कठडा नव्हता. मी मागं वळून बघितलं आणि पुटपुटायला लागले.

"आजी, काय म्हणतेस गं? जप?"

"नाही गं," मी म्हटलं. "स्टेशनाचं नाव घेतेय."

पाच झाले. सहा झाले. मागं कोणी नव्हतं. नातीनं हॉर्नवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि खिडकी उघडली.